विल्डाची तीन गाणी आणि माझं एक पाप

डव्ह क्रीक, टेक्सस
सोमवार, धुणं दोरीवर टाकून झाल्यावर

माझ्या थोरल्या ऑडीताईस धाकट्या अल्टाचा मनापासून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? टर्पेंटाइन चोळतेस ना, की त्या नव्या डॉक्टरच्या गोळ्याच गिळत बसलीस? तुमच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे तुझा मुलगा हॉलिस (भाचा असला तरी पाळक तो पाळक, मी मान देतेच), खुशाल असतील. इकडे सगळं ठीक. लाल कोंबडी मेली, पण ती मरणारच होती.

तर ताई, माझी नात, आपली विल्डा, गाणारीण झाली! चर्चमधली नव्हे, बँडमधली. सारख्या रंगाचे शर्ट घातलेले सात बाप्ये, दोन फिडलं, एक मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार (ती रडल्यासारखी वाजते, पण रडताना मजा येत असल्यासारखी), आणि मधोमध आपली पोर. तुला ठाऊकच आहे, तिची आई गेल्यापासून ती माझ्याकडे, आणि शाळा सुटल्यापासून लाँड्रीत शर्टांना इस्त्री करते. वाफेत उभी राहून दिवसभर गाते. बँडचा मालक टिलमन शर्ट न्यायला आला आणि शर्ट विसरून तिचं गाणं ऐकत उभा राहिला. त्याने सांगितलं, शनिवारी तीन गाणी म्हण. लोकांनी मनावर घेतलं तर बसमध्ये जागा, रोज दुपारी रेडिओवर गाणं. नाही घेतलं तर इस्त्री आहेच. पोरीने चार दिवस धड खाल्लं नाही. मी बीन्स केल्या, कॉर्नब्रेड केला, तिने सगळं कुत्र्याला घातलं. कुत्रा मात्र झोकात आहे.

आता मी बाप्तिस्मा घेतल्याला एकेचाळीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत नाचाच्या हॉलची पायरी चढले नव्हते. आपल्या चर्चच्या मंडळीत नाच म्हणजे पाप, ते पाळकाच्या आईला मी काय सांगू? पण हा नाच आग विझवणाऱ्या पोरांच्या नव्या पंपासाठी पैसे जमवायला होता, तोही दुपारी, लख्ख उन्हात. म्हटलं, एका बाजूला बाकावर बसेन, मांडीवर पीच घालून भाजलेला गोड कॉबलर ठेवीन (मांडीवर गरम भांडं असलं की माणूस नाचत नाही), नातीला ऐकेन आणि घरी येईन.

विल्डा उभी राहिली. पहिलं गाणं सुरू झालं मात्र, आणि ताई, सगळा हॉल तिच्याकडे पाठ करून निघून गेला. म्हणजे उठले, जोड्या केल्या आणि लागले गोल गोल फिरायला. डोक्यावर हॅटी तशाच. कोणी तिच्याकडे बघेना. हसतायत, गप्पा मारतायत, एकजण तर तोंडात बार्बेक्यूचा तुकडा घेऊन फिरत होता. आपल्याकडे चर्चमध्ये कोणी एकटं गायला उभं राहिलं की आपण हात मांडीवर घेऊन कसे गप्प बसतो? पहिलं गाणं मी सोसलं. दुसरं सुरू झालं (एका बाईचा नवरा पळून जातो आणि जाताना तिचा तवा घेऊन जातो, तर तिला तव्याचंच जास्त वाईट वाटतं, असं काहीसं) आणि माझं डोकं फिरलं. कॉबलर खाली ठेवला, बाकावर चढले आणि ओरडले, "बसा खाली सगळे. पोरगी गातेय, तुमच्या पाठी बघायला नाही आली ती."

आणि ताई, बसले ना! आपल्याकडची माणसं चांगल्या वळणाची; पांढऱ्या केसांची बाई बस म्हणाली की बसतात. दोनशे माणसं, हॅटी काढून गुडघ्यावर ठेवलेल्या, जशी मयताला आलीत. मधलं रिंगण उघडं पडलं. विल्डा त्या रिकाम्या जागेला तव्याचं गाणं ऐकवत होती आणि तिचा आवाज बारीक बारीक होत चालला होता. टिलमनचं तोंड असं, की त्याचाच तवा गेलाय.

मी मात्र खुशीत. तेवढ्यात शेजारी बसलेला ओर्व्हिल नावाचा म्हातारा (गुरं राखून पाय धनुकलीसारखे झालेला) हळूच म्हणाला, "बाई, घालवलीत पोरीची नोकरी. इथे पाठ फिरवून नाचले म्हणजेच पसंत. रिंगण रिकामं पडलं की गाणारीने गाठोडं बांधायचं."

मी म्हटलं, मग सांगा ना सगळ्यांना उठायला.

"बसवलंत तुम्ही. तुम्ही बसलेल्या असताना कोणाची छाती आहे उठायची?"

तिसरं गाणं सुरू झालं होतं. तेवढं एकच उरलं होतं. मी मनात देवाला म्हटलं, बघू नकोस, आणि ओर्व्हिलचा हात धरला. ताई, पाय विसरत नाहीत ग. (बाप्तिस्म्याच्या आधी धान्याच्या कोठारात मला कोणी शिकवलं होतं, ते नाव मी कागदावर लिहीत नाही. तुझा मुलगा पत्रं वाचतो.) एक फेरा आम्ही दोघंच. पाय सरकावेत म्हणून जमिनीवर मक्याचं पीठ टाकलेलं, घसरले, सावरले. दुसऱ्या फेऱ्याला आगवाल्यांची एक जोडी उठली, मग चार, मग भिंतीपाशी एक माणूस उरला नाही. विल्डाने स्टेजवरून मला बघितलं आणि गाता गाता फस्सकन हसली. ते हसू गाण्यातच मिसळलं आणि लोकांनी असा काही हल्ला केला जागेवर की तीनऐवजी तिला सात गाणी म्हणावी लागली. शेवटी टिलमनने तिच्या हातात बँडचा शर्ट दिला. चुरगळलेला. ती म्हणाली, इस्त्री तुम्ही करून आणा.

परवापासून दुपारी रेडिओ लाव. हॉलिसला जेवण जरा आधी वाढ.

तुझी
अल्टा

ता. क. येत्या एकवीस तारखेला, शनिवारी, बँड तुमच्या लबकला येतोय. आठ माणसांची झोपायची सोय पाहिजे. हॉलिसचं पाळकघर मोठं आहे. माणसं चांगली आहेत, एकजण तर पीतही नाही. त्यांना भजनं येतात असं हॉलिसला सांग. (विल्डा शिकवतेय. आतापर्यंत दीड झालंय.)

ता. क. दुसरा. आठ नव्हे, नऊ. टिलमन म्हणतो, म्हातारी पहिली उठली की कोणाला बसवत नाही. बसमध्ये मला खिडकीची जागा दिलीय.

ता. क. तिसरा. आमच्या पाळकांना कळलं. येत्या रविवारी सगळ्या मंडळीपुढे उभं राहून मला पाप कबूल करायचंय. करीन, पाप ते पाप. फक्त मी त्यांना विचारलंय की लबकनंतरचा रविवार धरला तर चालेल का, म्हणजे दोन्ही पापं एकदमच कबूल होतील. ते विचार करतायत. हॉलिसने त्यांना दोन ओळी लिहिल्या तर बरं होईल.