गरुडाच्या शेपटीवरचा पापुद्रा

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, बाबा आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

बाकी घरी ठीक. खालच्या मजल्यावरचा शिंपी दुकान आवरून लेकीकडे राहायला गेला. त्याच्या मशीनची घरघर थांबली आणि घर उगाचच मोठं वाटायला लागलंय. माझी शाळेतली प्रयोगशाळा चालू आहे. तुझी ओतशाळा जोरात आहे असं मावशी सांगते. प्लॅटिनमच्या अंगठ्यासुद्धा ओततोस म्हणे. हात बसलाय म्हणायचा तुझा.

आमच्याकडे नाणेसंग्राहकांच्या संस्थेत एक प्रकार झाला. तुला कुणी सांगितला असेल की नाही, माहीत नाही.

बाबांचं ते तीन रूबलचं रशियन नाणं, पांढरं, जुन्या प्लॅटिनमचं. एकाच वर्षाची नाणी वेगवेगळ्या ठशांनी पाडलेली असतात. कुठे गरुडाच्या शेपटीत एक पीस कमी, कुठे अक्षर जरा कललेलं. या ठशांची वर्गवारी करण्यात बाबांचं आयुष्य गेलं, हे मी तुला काय सांगायचं. आपण दोघं त्यांच्या भिंगाखालीच मोठे झालो. पुढचा एक ठसा आणि मागचा एक ठसा, अशी त्यांच्या नाण्यावरची जोडी दुसरीकडे कुठेच मिळाली नव्हती.

यंदा मिळाली. एका परक्या माणसाचं नाणं विक्रीपूर्वी तपासायला संस्थेत आलं आणि त्यावर तीच जोडी होती. बाबा लहान मुलासारखे हरखले. "जोडीदार मिळाला रे बाबा त्याला," असं स्वतःशीच बोलत घरभर फिरले. दोन्ही नाण्यांची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं, नेहमीप्रमाणे.

छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि पुन्हा पुन्हा पाहिली. शेपटीच्या डाव्या पिसावर एक बारीक पापुद्रा उचकटलेला आहे ना, तो दोन्हींवर होता. त्याच जागी, तसाच, कडेला तसाच दुमडलेला. बाबा जेवताना सांगायचे ते आठवतं? त्या काळी प्लॅटिनम वितळवता येत नसे. भुकटी दाबून, तापवून, ठोकून पत्रा करायचे, म्हणून नाण्याचे पापुद्रे सुटतात. ठशाची चूक त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर उतरते, पण धातूचा पापुद्रा ज्याचा त्याचा. दोन नाण्यांवर एकच पापुद्रा दिसला, तर एक नाणं दुसऱ्यावरून साचा घेऊन ओतलेलं असणार.

मला वाटलं, आलेलं खोटं आहे. तसं मी सभेत सगळ्यांसमोर म्हणालेसुद्धा. "हे आमच्यावरून केलंय," असं अगदी ठसक्यात. मग संस्थेच्या रसायनवाल्या बाईंनी दोन्ही नाणी दोऱ्याला टांगून जवळ मोठं चुंबक नेलं. जुन्या प्लॅटिनममध्ये थोडं लोखंड असतं. परक्याचं नाणं हळूच चुंबकाकडे वळलं. आपलं जागचं हललं नाही.

बाबा उठले, ते परकं नाणं त्यांनी हातावर घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मला वाटतं, त्यांनी ते ओळखलं. मग नाणं खाली ठेवून म्हणाले, "हे खरं आहे. माझं खोटं. मीच करवून घेतलं."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, काय बोलताय? कुणाकडून करवलंत?"

"ते विचारू नका. मूळ मी विकलं. नक्कल मिरवली. लिहून घ्या."

आणि मी गप्प बसले. बारक्या, मी तिथे तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

संस्थेने सभासदांच्या यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं. त्यांच्या वर्गवारीचा तक्ता भिंतीवरून उतरवला. त्यांनी खरं ठरवलेलं एकेक नाणं आता पुन्हा तपासणार आहेत, कारण नक्कल करणाऱ्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? ज्यांना त्यांनी भिंग धरायला शिकवलं, ते जिन्यात भेटले तर चपलांकडे बघतात.

तेव्हापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. भाताचे दोन घास, तेही मी रडले तर. डॉक्टर म्हणतात, शरीरात तसं काही नाही, त्यांना उठायचंच नाहीये.

काल दुपारी मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "बाबा, तुम्ही हे केलेलं नाही. नाणं विकायची वेळ आली तर तुम्ही आधी घर विकाल."

"केलं म्हटलं ना."

"मग ओतलं कुणी?"

त्यांनी पांघरूण खांद्यावर ओढलं. मग म्हणाले, "त्याला कळवायचं नाही."

मी तुझं नावसुद्धा काढलं नव्हतं.

घर सोडायच्या आदल्या वर्षी त्या नाण्याला मापाची डबी करतो म्हणून ते तू नेलं होतंस. डबी सुंदर झाली होती. मला हे सभेतच आठवलं, आणि त्यांना माझ्याही आधी. तुला तेव्हा कसली नड होती, मी विचारत नाही. त्यांना सांगितलं असतंस तर त्यांनी काय केलं असतं, तेही मला माहीत नाही.

तू कबूल कर किंवा करू नकोस, तुझी मर्जी, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. तू यायला हवंस आणि त्या लोकांसमोर खरं सांगायला हवंस. त्यात तुझी ओतशाळा बुडेल, हेही मला कळतं. तुझ्या दारात अंगठी करायला कोण येईल? तुझी पोरं लहान आहेत. मी रोज सकाळी संस्थेला पत्र लिहायला बसते आणि तशीच उठते. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला ढकलायचं, हे माझ्याच्याने होत नाही रे. मी थकले.

काल मी उठून जायला निघाले, तेव्हा बाबा आपणहून बोलले. सभेनंतर पहिल्यांदाच इतकं.

"पापुद्र्याची कडसुद्धा उतरलीय त्याच्या साच्यात. इतकी वर्षं रोज बघत होतो, मला कळलं नाही." मग म्हणाले, "हात आहे त्याला."

ते मला सांगत नव्हते, बारक्या. तुला सांगत होते. मी फक्त लिहून पाठवते आहे.

त्यांना ऐकू येतंय तोवर ये.

तुम्हा दोघांच्या मध्ये अडकलेली,
ताई