एकतीसपैकी चार

५ मार्च, बुधवार

कळलं एकदाचं, धाकटा संध्याकाळी कुठे जातो ते. सायकलच्या दुकानावरची खोली. मंडळ आहे त्यांचं. बाहेरून आलेल्यांनी आपल्या नोकऱ्या खाल्ल्या, हा एकच विषय.

"काय करतोस तिथे?"

"खुर्च्या लावतो."

"एवढंच?"

"मला उशीर झाला तर सुरू करत नाहीत, ताई. थांबतात."

मी "जेवून घे" म्हणाले. गेले आठ महिने घरात त्याच्याशी आम्ही दोनच गोष्टी बोलतो — "जेवलास?" आणि "अर्ज पाठवलास?"

८ मार्च, शनिवार

मापनकक्षात आम्ही दोघंच, मायक्रॉन आणि मी. खरं नाव हजेरीपुरतं. कारखाना त्यांना मायक्रॉनच म्हणतो, मिलिमीटरचा हजारावा भाग. अठरा वर्षांपूर्वी बाहेरून आले. बोलताना अजून अडखळतात, मोजताना कधीच नाही. मला सगळं त्यांनीच शिकवलं. मशीनवरून आलेला भाग आधी टेबलावर गार होऊ द्यायचा, मगच हात लावायचा. "मॅडम, गरम असताना सगळं मोठं भरतं."

धाकटा त्यांच्याच हाताखाली तीन महिने उमेदवारीवर होता. परीक्षेत त्याने भाग गार होऊ दिला नाही. घाई! नऊ मायक्रॉनची चूक. त्यांनी नापास केला. मी कागद पाहिला होता. बरोबरच होतं.

आज म्हणाले, "भाऊ काय करतो? परत बसवा परीक्षेला. हात चांगला आहे. धीर नाही फक्त."

घरी सांगितलं नाही. चिडेल वाटलं.

१२ मार्च, बुधवार

धाकट्याने जेवणाच्या टेबलावर पत्रक ठेवलं. "वाच ना. मी लिहिलंय."

पहिलीच ओळ — 'कारखान्यात दहातले सात तंत्रज्ञ बाहेरचे!' माझ्या हातात लाल पेन कधी आलं, मलाच कळलं नाही.

"आकडा कुठून आणलास?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"तू ना, घरातसुद्धा मोजपट्टी घेऊन फिरतेस! उद्या आमटीत मीठ मोजशील."

आई हसली. मी 'सात'भोवती गोल केला. पुढचं वाचलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

कारखान्याच्या फलकावरचा तंत्रज्ञांच्या पाळ्यांचा तक्ता घरी आणला. नाव, विभाग, सुटण्याची वेळ. मायक्रॉनची पाळी सोमवारपासून बदललीय. तक्त्यात जुनीच वेळ होती. सात खोडून साडेसहा केलं. चुकीचा कागद हातातून पुढे जाऊ द्यायचा नाही, ही सवय.

त्याच्यापुढे ठेवला. "मोज."

बोट फिरवत मोजलं त्याने. एकतीस. बाहेरचे चार.

"तेरा टक्के. सत्तर नाही."

कान लाल झाले त्याचे. लहानपणी गणित चुकलं की व्हायचे तसेच. खोटं कशाला लिहू, जिंकल्यासारखं वाटलं मला.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "तक्ता राहू दे माझ्याकडे. दुरुस्त करतो."

दुरुस्त! दिला.

१५ मार्च, शनिवार

कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

१९ मार्च, बुधवार

जाणं काही थांबलेलं नाही. आज सदऱ्याला इस्त्री करत होता. मला राहवलं नाही.

"आकडा चुकला होता ना? मग आता कशाला जातोस?"

"आकड्यासाठी कोण जातं, ताई?"

त्याने सदरा उलटवला.

"ते पत्रक मी तिथे वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या वाजल्या. जन्मात पहिल्यांदा. मग घरी आणलं. तुला दाखवायला. तू लाल केलंस."

तेव्हा कुठे तोंडातून निघालं — मायक्रॉन म्हणत होते, परत परीक्षेला बस. हात चांगला आहे तुझा.

इस्त्री थांबली. "कधी म्हणाला?"

"आठ तारखेला."

"आणि आज सांगतेस?"

एक बाही चुरगळलेली, तसाच सदरा चढवून गेला. इस्त्रीचं बटण मी बंद केलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

तक्ता परत मागितला. "मंडळात आहे. आणतो." नाही आणला. मग मीच गेले.

वाटलं होतं आरडाओरडा असेल. तसं काही नाही. दहा-बारा पोरं, सगळी धाकट्याच्या वयाची, सगळ्यांचे सदरे इस्त्रीचे. मी दारात दिसताच दोघं उठले. "या ना ताई, बसा." एकाने खुर्ची पुसून दिली. एकजण चहाला पळाला. आमच्या घरी धाकट्यासाठी असं कोणी कधी उठलेलं मला आठवेना.

"तक्ता हवा होता."

"उतरवून घेतलाय, हा घ्या." त्यांचा म्होरक्या हसून बोलला. "कामाचा निघाला. आमच्या पोरांचं सगळं ऐकीव असतं हो. तुमच्यासारखं अचूक माणूस हवं."

धाकटा भिंतीशी खुर्च्या लावत होता. वर पाहिलं नाही.

तक्ता घडी करून पिशवीत ठेवला, जिना उतरले.

२२ मार्च, शनिवार

तक्ता फलकावर परत लावला. मायक्रॉनना सांगायला हवं. तोंड उघडलं, आणि विचारलं काय — "आज कक्षाचं तापमान किती?" "वीस, मॅडम. रोजच वीस."

सोमवारी सांगते.

२४ मार्च, सोमवार

सकाळी फाटकावर नवं पत्रक. फाडून आणलं; पुढे भिंतभर होतीच. टक्के नाहीत, उद्गारचिन्हं नाहीत. फक्त चार नावं, विभाग, वेळ. एकही चूक नाही.

पहिलं नाव मायक्रॉनचं. सुटण्याची वेळ साडेसहा.