ओळखीचा चेहरा

जबलपूर, मार्च १९४४

सौ. विनताबाईंस,

कारखान्यातलं पितळ चोरून एक जण सदर बाजारात माझ्या दुकानासमोरून पळाला, म्हणून मी साक्षीदार झालो. ओळख परेडीत दहा जणांत तुमच्या रत्नाकररावांचाच चेहरा ओळखीचा वाटला, अन् मी त्यांनाच चोर म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "काहून भाऊ, तुमच्याचकडून चपला घेतल्या नं." मला ती थाप वाटली.

सजा ऐकून ते डावा पाय घासत निघाले, तेव्हा आठवलं. डावा पाय आखूड, म्हणून त्यांच्या चपलेचा डावा तळ मीच जाड करून दिला होता. पळताना चोराचे दोन्ही बूट तर सारखेच वाजले होते. पण वकिलानं "क्या देखा?" इतकंच विचारलेलं, अन् ऐकलेलं मी सांगितलं नाही.

कागदावर माफी मागणं सोपं, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. सोमवारी अपिलाच्या वकिलाकडे जातो. खोट्या साक्षीपायी मला धरलं तर धरू देत, रत्नाकरराव घरी येऊ देत.

तुमचा अपराधी,
श्रीरंग चपलावाला