कर्ता कुठाय?

अब्बा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी जेद्दातच आहे, आपल्या भारतीय शाळेत इतिहास शिकवते. आज नववीच्या मुलींनी पॅलेस्टाईनबद्दल विचारलं आणि मला बलदमधलं, म्हणजे जुन्या जेद्दातलं, तुम्ही नोकरी करायचात ते अबायांचं, बायकांच्या काळ्या झग्यांचं, दुकान आठवलं. मीही नववीतच होते तेव्हा. आंतरशालेय स्पर्धेत त्याच विषयावर बोलायचं होतं. टीव्हीवर ऐकलेलं सगळं वहीत उतरवून मी शाळेतून थेट दुकानात आले आणि तुम्हाला पहिलंच वाक्य ऐकवलं, ‘हे दोन धर्मांचं हजारो वर्षांचं युद्ध आहे.’ तुम्ही हातातला अबाया घडी न करताच खाली ठेवलात. “कुणी सांगितलं गो तुला?” “टीव्हीवर म्हणाले.” “टीव्हीवाल्यांचं घर आहे काय तिथे? ज्याचं होतं तो मागे बसलाय, त्याला विचारलंस?” तुमचा आवाज इतका चढला की मागच्या खोलीतली शिलाई मशीन थांबली.

मागे बसलेले ते पॅलेस्टिनी शिंपीचाचा. वीस वर्षं तुम्ही दोघं दुपारचं एका ताटात जेवत होतात. तुम्ही माझं वाक्य त्यांना अरबीत सांगितलंत, तसे ते खो खो हसले. त्यांच्या आजीच्या गल्लीत मशीद, चर्च आणि यहुद्यांचं प्रार्थनाघर होतं, म्हणाले. शनिवारी यहुदी शेजारणीची चूल आजी पेटवून द्यायची, कारण त्या दिवशी त्यांना विस्तवाला हात लावायचा नसे. “भांडणं नव्हती?” मी विचारलं. “होती की! पाण्यावरून, पोरांवरून, कधीकधी देवावरूनही. पण धर्म जुने आहेत, बेटी. घर कुणाचं, जमीन कुणाची, हे भांडण माझ्या बापाच्या वयाचं.” मी पहिलं वाक्य खोडलं.

मग आपला खेळ सुरू झाला. रोज दुपारी मी इंग्रजी पेपर वाचणार, चाचा अरबी, आणि रत्नागिरीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले तुम्ही मध्ये बसून व्याकरण तपासणार. ‘चकमकीत सापडून मुलं मरण पावली,’ मी वाचते. “कर्ता कुठाय?” तुम्ही विचारता. “मारलं कुणी? मुलं काय आपोआप मेली?” चाचा मांडीवर थाप मारतात. तुमच्या गुरुजींनी छडी घेऊन शिकवलेला कर्ता एवढ्या लांब कामाला आला, याचा तुम्हाला कोण आनंद!

पण एका दुपारी चाचांनी त्यांच्या पेपरातून वाचलं, ‘बसमध्ये स्फोट झाला, प्रवासी दगावले.’ तुम्ही हळूच म्हणालात, “भाईसाब, इथे कर्ता कुठाय?” चाचांनी पेपर दुमडला, मशीन सुरू केली आणि दोन दिवस ते तुमच्याबरोबर जेवले नाहीत. तुम्ही डबा न उघडता परत आणायचात. अम्मी म्हणाली, “कशाला बोलायचं ते?” तुम्ही म्हणालात, “दुसऱ्या कुणाला बोललो असतो? दोस्त आहे म्हणून तर.” त्या रात्री मी भाषणात बसचा परिच्छेद घातला.

तिसऱ्या दिवशी माझं भाषण होतं आणि तुम्हाला येता आलं नाही. बायकांच्या कपड्यांच्या दुकानात आता सौदी बायकाच विकायला असाव्यात असा हुकूम निघाला होता. तुमच्या जागी आलेल्या मुलीला तुम्ही कापड ओळखायला शिकवत होतात. तुमची नोकरी जाणार होती, आणि तुम्ही तिला सांगत होतात, “डोळे मिटून बोटांनी बघ. यल्ला, चल, परत.”

संध्याकाळी मी दुसऱ्या क्रमांकाचा कप घेऊन धावत आले, तर दुकानाच्या दारात चाचा घरून आणलेलं मोठं पातेलं धरून उभे. मकलूबा! वांगी, कोंबडी आणि भात थरांनी शिजवून सगळं पातेलंच ताटावर उपडं करायचं. ते तुमच्याकडे न बघता म्हणाले, “तू बरोबर होतास. बसमध्येही कुणाची तरी मुलं होती.” तुम्ही पातेल्याची दुसरी कड धरलीत. दोघांनी मिळून ते उलटवलं, आणि अर्धा भात ताटात, अर्धा नव्या गालिच्यावर. ती सौदी मुलगी आधी घाबरली, मग नकाबाआडून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आपण पाच जण जेवलो, कारण अम्मीलाही तुम्ही फोन करून बोलावून घेतलंत. “सगळं बोललीस ना? बसचंही?” तुम्ही विचारलंत. मी मान डोलावली. तुम्ही तुमच्या ताटातलं सगळ्यात मोठं वांगं माझ्या ताटात टाकलंत.

आज वर्गात तेच भाषण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मुली खूप भांडल्या, खूप हसल्या, आणि तास संपला तरी उठेनात. मला तुम्हाला बोलावून दाखवावंसं वाटलं. पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते, अब्बा: बसचा परिच्छेद त्या दिवशी मी गाळला होता. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या थांबतील अशी मला भीती वाटली.