अकरा नंबरचा बाण

१८ सप्टें., गुरुवार. भोकरदन
घट सोमवारी बसायचेत. सकाळी जाफराबादला मावशीकडं गेले. दुपारी परतले तर अंगणात गोधड्या वाळत होत्या आणि शेजारी प्रबंधासाठी आणलेले माझे अठरा दगड. आईनं धुतले. काथ्यानं घासून.
"मातीचे व्हते. घट बसायच्या आधी घरात मळकं ठेवू न्हाई. ज्याचा त्याच्याच पुडीवर ठेवला न बराबर."
पुड्यांवरचे नंबर आहेत. दगडांवरचे बाण गेले. तमिळनाडूत अरियलूरच्या उन्हात प्रत्येकावर 'वर' दाखवणारा बाण मी स्वतः काढला होता. हे दगड म्हणजे एकेकाळचा समुद्रतळाचा चिखल. तेव्हा पृथ्वीचं चुंबक सुलट होतं की उलट, ते त्यांच्यात अडकून राहिलंय. पण वर कोणतं हेच माहीत नसेल तर चुंबकत्व मोजणारं यंत्र काय डोंबल सांगणार? प्रयोगशाळेत त्या यंत्रावर माझी पाळी पुढच्या आठवड्यात.
"बाणबिण मी न्हाई पाह्यला," आई म्हणाली. मी तिला नको ते बोलले.

१९ सप्टें.
धड जेवले नाही. आईही नाही. मोबाइलमधले फोटो पाहिले, सगळे डोंगराचे. सुट्या दगडाचा एक नाही. आळस माझाच. सरांना फोन करायचा धीर नाही.

२० सप्टें.
आई रांजण धूत होती. तळातला गाळ काढताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "कितीबी निवळ पाणी भरा, गाळ खाली बसतोयच."
कवचं! ज्या सूक्ष्म जिवांच्या कवचांवरून मी दगडाचं वय काढते, त्यांच्यातही चिखल शिरून खालच्या अंगाला बसतो. वरची पोकळी पुढं स्फटिकानं भरते. तीन वर्षं हेच शिकतेय, आणि आठवलं रांजणाजवळ. लाज वाटली.
एका दगडाची कड घासून सोबत आणलेल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अर्धं काळं, अर्धं पांढरं. आईला दाखवलं.
"रांजणच की गं."

२१ सप्टें.
सतरा जमले. आई पुड्या देत होती, मी बाण काढत होते. बरं वाटलं दोघींना.
अकरात एकही धड कवच नाही. नेमका अकरा. चुंबक तिथंच उलटलं असावं असा माझा अंदाज, प्रबंधाची सगळी मदार त्यावर. हे आईला सांगून बसले. सांगायला नको होतं.

२२ सप्टें., सोमवार
घट बसले. आरतीनंतर आई अकरा घेऊन आली.
"ह्याचं मला आठवू राह्यलं. बाण ह्या टोकाकडं व्हता."
"नक्की?"
"म्हन्ते न मी."
डोळे माझ्याकडं नव्हते. तिच्यासमोरच पेन्सिलनं फिकट बाण काढला, ती म्हणाली त्या टोकाकडं. मग ती चहा ठेवायला गेली.
वहीत सतरा दगडांपुढं लिहिलंय, 'बाण कवचावरून'. अकरापुढं 'आईवरून' असं लिहिलं. अजून खोडलेलं नाही.