आप्पांच्या नकाशातल्या रेघा

बेंगळूर

आक्का, जय जिनेंद्र.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आप्पा नीट जेवतात का?

त्यांच्या मेंदूच्या नकाशात रेघा लई आहेत, म्हणजे आठवण शाबूत आहे, असं मी फोनवर बोललो. ते चुकलं गं. मेंदूचे दोन भाग एकदम चालले की संगणक त्यांच्यात रेघ ओढतो. पण डोकं हललं तरी खोट्या रेघा उमटतात. आप्पा मेंदूची चित्रं घेणाऱ्या मशीनमध्ये णमोकार मंत्र म्हणत ओळीओळीला मान वाकवत होते. ती हललेली चित्रं वगळली, तर रेघा थोड्याच उरल्या.

माझ्या शब्दावर तू बस्तीत भगवंताला अभिषेक करवलास.

उद्या त्यांनी तुला ‘कोण गं तू?’ विचारलं, तर रडू नकोस. शेजारी बसून णमोकार म्हण. मान वाकवतील.

तुझा भाऊ,
सन्मती