निवडलेले वाटाणे

प्रिय चिमणे,

माझं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची वरात, तेव्हा चष्मा नीट पुसून वाच. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर पेन हातात धरलं ते सही करण्यापुरतं.

पण तुझं बंदर बघून आल्यापासून माझ्या तोंडाला खळ नाही. शेजारणीला दोनदा सांगून झालं, दूधवाल्याला सांगितलं, आता तो बाटल्या दारात ठेवून पळतो. काय त्या क्रेना गं! घराएवढा डबा चिमटीत धरल्यासारखा उचलतात. आणि माझी नात डोक्यावर पिवळं टोपडं घालून तिथे उभी, आणि दाढीमिशीवाले बाप्ये तिला विचारतायत, "मॅडम, हा डबा उघडू का?" लहानपणी दुधावरची साय दिसली तरी ओकायचीस तू. आता साऱ्या मुलखाच्या खाण्यावर तुझी नजर! घरच्यांना ऑफिस दाखवायचा दिवस ज्याने काढला त्याचं भलं होवो.

वाटाण्यांच्या त्या डब्यापाशी तू पोत्यात हात घातलास आणि तुझ्या कपाळाला आठी पडली. अगदी तुझ्या आजोबांची आठी. "आजी, हा माल मी सोडणार नाही, आत भुंगे आहेत," म्हणालीस. मग नमुना काढलास, ऑफिसात आणून त्याचे भाग केलेस. एक भाग सील करून कपाटात आणि एक पांढऱ्या ताटात, तपासणाऱ्यांकडे न्यायला. भांडण झालं तर कपाटातला भाग उघडतात, हेही मला समजावलंस. मला सगळं कळलं बरं का. निदान तेव्हा तसं वाटलं.

तेवढ्यात साहेबांनी तुला हाक मारली. "आजी, इथेच बस, कशाला हात लावू नकोस," म्हणून तू गेलीस. मला वाटलं, यंत्रांना म्हणतेयस. ती लुकलुकणारी यंत्रं बघून मी तर हात मांडीखालीच घेतले होते. पण समोर ताटभर वाटाणे, आणि मी रिकामी. चिमणे, जन्म गेला माझा निवडण्यात. लग्न ठरवायला पाहुणे आले तेव्हाही मांडीवर ताट होतं. तुझे आजोबा म्हणायचे, हिने मला निवडलं नाही, मी खड्यासारखा ताटात राहून गेलो. हात आपोआपच चालू लागला गं. किडका दाणा दिसला, उचलला. खडा दिसला, उचलला. भुंगे तर मेले लगबगीने पळत होते. सगळं रुमालात घेतलं, गाठ मारली. वर ताट हलवून सारखंही केलं. म्हटलं, पोरीला किती कामं, तेवढाच हातभार. तू घाईत आलीस, ताटातले वाटाणे पिशवीत भरलेस आणि तपासायला धाडलेस. मी नुसती हसत होते. शाबासकी मागायचीही विसरले, कारण मग तू मला कँटीनमध्ये नेलंस आणि तिथला चहा फार बाई छान होता.

रुमालाची आठवण झाली ती धुणं काढताना. आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन. नमुना स्वच्छ निघाला. चारचौघांत साहेब म्हणाले, "मॅडम, चष्म्याचा नंबर बदलून घ्या, उगाच कुणाचा माल अडवू नका." तू रडत होतीस. "आजी, मी डोळ्यांनी पाहिले होते गं, आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही," म्हणालीस.

रुमाल माझ्या हातात होता. गाठ सोडली होती आणि एक भुंगा मनगटावर चढत होता. आणि मी तुला काय म्हणाले? "अगं, होतं असं. माणसाचीच नजर, चुकते कधीतरी."

कसं म्हणवलं गं मला ते! मग मनाची समजूत घातली, की खरं सांगितलं तर मला एकटीला तिथे बसवलं म्हणून पोरीलाच बोलणी बसतील. ती बसतीलच. पण ते काही खरं कारण नव्हे. सगळ्यांना सांगत सुटलेली मी, नातीच्या ऑफिसात लुडबूड करून आले हे कोणत्या तोंडाने सांगू? माझं तोंड वाचवायला मी तुझे डोळे आंधळे ठरवले. पोती आज दुपारी गोदामातून सुटणार, असं फोनवर म्हणाली होतीस. कुणाकुणाच्या घरात जातील, आणि प्रत्येक घरात निवडणारी म्हातारी नसते.

फोनवर बोलवेना, शब्द फुटायच्या आधी रडू फुटतं. म्हणून हे पत्र मामाच्या हाती वर पाठवते आहे, सोबत रुमाल, गाठ मारलेला. साहेबांपुढे ठेव. कपाटातला भाग उघडायला लाव, त्याला माझा हात लागलेला नाही. मी खाली फाटकापाशी मामाच्या गाडीत बसले आहे. बोलावलं की येते आणि ज्यांच्यादेखत तुला चष्मा बदलायला सांगितला, त्यांच्याचदेखत सांगते की माझ्या नातीची नजर चुकली नव्हती. आणि या खेपेला हात मांडीखालीच ठेवीन.

तुझीच,
लुडबुडी आजी